श्वानांचे त्वचारोग : खाज थांबते, आजार नव्हे!

लातूर/नांदेड - चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव कारवान श्वानांसाठी ओळखले जाते. शहरांतील घरांत आता लॅब्रॅडॉर, पग यांसारख्या जातीही रुळल्या आहेत. त्यांच्या वारंवार उद्भवणाऱ्या त्वचारोगांवर मात्र बहुधा एकच उपाय केला जातो, तो म्हणजे खाज थांबवणारे इंजेक्शन. काही दिवस आराम पडतो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते.

या चक्राचे मूळ निदानाच्या अभावात आहे. पुरळ व पू निर्माण करणारे स्टॅफिलोकोकस जिवाणू निरोगी श्वानाच्या त्वचेवरही असतात. गोचीड, पिसवा, खरजेचे किडे, अॅलर्जी किंवा थायरॉइडचा विकार यांमुळे त्वचा दुबळी झाली, की ते उचल खातात. मूळ कारण कायम राहिल्यास संसर्ग परततोच. स्टेरॉइडने खाज दबते. परंतु डेमोडेक्स किड्यांमुळे झालेला आजार त्याने बळावतो. आयव्हरमेक्टिनही सरसकट देणे धोक्याचे असते. कोली वंशाच्या काही श्वानांना ते विषारी ठरते.

प्रतिजैविकांचा अर्धवट वापर त्याहून गंभीर आहे. वरवरच्या संसर्गात आधी क्लोरहेक्सिडिनयुक्त शाम्पू वापरावा, तो सुमारे दहा मिनिटे अंगावर ठेवावा, असे पशुवैद्यकशास्त्र सांगते. २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरमध्ये टंचाईच्या काळात हे सोपे नाही. तेथे त्याच औषधाचा फवारा उपयोगी पडतो. गोळ्यांनी गुण न आल्यास औषध बदलत राहण्याऐवजी पुवाची जिवाणू चाचणी करणे आवश्यक ठरते. अन्यथा औषधांना न जुमानणारे जिवाणू घरातच पोसले जातात. खरूज आणि गजकर्ण तर श्वानाकडून माणसालाही होऊ शकतात.

शासकीय पशुवैद्यकीय व्यवस्थेची उभारणी प्रामुख्याने गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांसाठी झाली. श्रेणी दोनच्या दवाखान्यांचा भार दीर्घकाळ पशुधन पर्यवेक्षकांवरच राहिला. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु प्रत्येक पशुपालकाला तेथवर जाणे परवडत नाही.

वस्तुतः त्वचा खरवडून घेतलेला नमुना तपासण्यास सूक्ष्मदर्शक, काचपट्टी आणि प्रशिक्षित नजर पुरेशी असते. एवढी सोय तालुका पातळीवर झाली, तरी अनेक अनावश्यक इंजेक्शने टळतील. पशुपालकांनीही 'खाज कशाने थांबेल' याआधी 'ती कशामुळे सुटली' हे विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे.