बाळाचे दुखणे आणि अफूची मात्रा

दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेल्या बाळाला घरी सोडताना अफूवर्गीय वेदनाशामकाची बाटली सोबत द्यावी का, यावर अमेरिकेतले डॉक्टर गेली काही वर्षे फेरविचार करत आहेत. माझे मत स्पष्ट आहे: सरसकट देऊ नये. त्याचे कारण केवळ व्यसनाची भीती हे नाही. तान्ह्या बाळाची श्वासाची वाट मुळातच अरुंद, जबडा लहान असेल तर आणखीच. त्यात शस्त्रक्रियेची सूज येते आणि टाळूतली फट बंद झाल्याने हवेची सवयीची वाटही बदलते. अशा वेळी मॉर्फिनच्या कुळातले औषध श्वासच मंदावते. रुग्णालयात ऑक्सिजन मोजणारे यंत्र आणि जागी परिचारिका असते; घरी थकून झोपलेले आईवडील. कोडीन या अफूवर्गीय औषधाने तर हा धोका जीव घेऊन दाखवला. शरीरात त्याचे मॉर्फिन होते, आणि काही मुलांत जनुकीय ठेवणीमुळे ते इतक्या झपाट्याने होते की नेहमीची मात्राही घातक ठरते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुले दगावली, तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये त्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन वर्ज्य ठरवले. २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांना वेदनेसाठी कोडीन आणि ट्रामाडोल दोन्ही.

मग बोलता न येणाऱ्या जिवाने सोसत राहायचे का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. १९८०च्या दशकापर्यंत अनेक नवजात बाळांवर पुरेशा वेदनाशमनाशिवाय शस्त्रक्रिया होत. कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मधून दाखवले, की फेंटानिल दिलेल्या अकाली जन्मलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी राहतो आणि गुंतागुंतही घटते. फेंटानिल अफूवर्गीयच. म्हणून या औषधांना शत्रू ठरवणे चूक. देखरेखीखाली, गरज दिसताच ती मिळालीच पाहिजेत. मात्र घरच्या वेदनेसाठी आधी दुसरी तयारी हवी: बाळ भुलीखाली असतानाच टाळूकडे जाणारी नस बधिर करणे आणि नंतर वजनानुसार, रडण्याची वाट न पाहता, घड्याळ लावून पॅरासिटामॉल. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची २०२४ची शिफारसही अशीच आहे: आधी इतर औषधे; अफूवर्गीय लागलेच तर सर्वांत कमी मात्रा, सुरुवातीला सहसा पाच दिवसांहून अधिक नाही, आणि सोबत उतारा म्हणून नॅलॉक्सोन.

आपल्याकडे हा उपदेश जसाच्या तसा उचलणे धोक्याचे ठरेल. नीमच-मंदसौरला सरकारी परवान्याने अफू पिकते, पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर रुग्णालयांना मॉर्फिन मिळवणे जिकिरीचे झाले. २०१४च्या दुरुस्तीनंतरही अडचण पुरती सरलेली नाही. अमेरिकेत या औषधांचा अतिरेक आवरायचा आहे, इथे अनेक ठिकाणी मुळातच उणीव आहे. नस बधिर करण्याची सोय न करता अफूवर्गीय औषध बंद करणे म्हणजे बाळाला वेदनेच्या हवाली करणे. पालकांनी घरी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे: कोणते औषध, किती मिलिलिटर, किती तासांनी, आणि रात्री बाळाचा श्वास जड वाटला तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा.