विश्लेषण : नदीवरच्या क्रूझ सहलीसाठी आधी जहाज निवडावे की नदी?

मुलांची शिक्षणे आटोपली, घराचे हप्ते फिटले की अनेक मराठी जोडप्यांच्या मनात ‘आता फक्त दोघांनीच’ अशी एक सहल असते. रोज पहाटे उठून बस गाठणे आणि रोज नव्या हॉटेलात बॅगा उघडणे याला कंटाळलेल्यांपुढे नदीवरच्या क्रूझचा पर्याय ठेवला जातो. खोली एकच, गाव मात्र रोज नवे, ही कल्पना मोहक आहे आणि खोटीही नाही. मात्र माहितीपत्रकातले सर्वांत मोठे छायाचित्र खोलीचे असते आणि सहल फसते ती बहुधा नदीमुळे. त्यामुळे निवडीचा क्रम बदलायला हवा. आधी नदी आणि महिना, मग मार्ग, मग करार आणि खोली सर्वांत शेवटी.

समुद्रावरच्या क्रूझपेक्षा ही वेगळी कशी?

मराठी घरांत क्रूझ म्हटले की मुंबई-गोवा सफर किंवा पणजीला मांडवीवरची संध्याकाळची नाचगाण्याची फेरी आठवते. युरोपातील नदीजहाज या दोन्हींसारखे नसते. ऱ्हाइन आणि डॅन्यूबवर जागोजागी लॉक आहेत. लॉक म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून जहाज पुढे सोडणारे दरवाजे. त्यांच्या रुंदीमुळे जहाज साधारण साडेअकरा मीटरच रुंद असते, लांबी १३५ मीटरपर्यंत आणि प्रवासी दोनशेच्या आत. जहाजावर कॅसिनो नाही, मोठे नाट्यगृह नाही. त्याऐवजी जहाज बहुतेक ठिकाणी गावाजवळच लागते आणि पायी फिरता येते. रात्री जागवणारी करमणूक हवी असलेल्या जोडप्याला येथे चौथ्या दिवशी कंटाळा येईल. डेकवर चहा घेत काठ पाहत बसण्यात ज्यांना सुख आहे, त्यांच्यासाठी ही सहल आहे.

पाणी कमी किंवा जास्त झाले तर?

दोन्ही वेळा जहाज अडते. ऑगस्ट २०२२ मध्ये जर्मनीतील काउब येथे ऱ्हाइनची मापकावरील पातळी ४० सेंटिमीटरच्या खाली गेली. हा आकडा म्हणजे नदीची पूर्ण खोली नव्हे, पण जहाजात किती भार घ्यायचा हे त्यावरून ठरते. उलट, पाणी वाढले की जहाज पुलांखालून जात नाही. जून २०१३ मध्ये पासाऊ या गावाने डॅन्यूबचा पाच शतकांतील सर्वांत मोठा पूर पाहिला. सप्टेंबर २०२४ च्या पुरातही मध्य युरोपात क्रूझ जहाजे अडकून पडली होती.

अशा वेळी कंपन्या प्रवाशांना बसने पुढे नेतात. अडथळ्याच्या पलीकडे तशाच दुसऱ्या जहाजावर चढवतात किंवा थांबलेल्या जहाजाचा हॉटेलसारखा उपयोग करतात. म्हणजे ज्या बसप्रवासाला कंटाळून जादा पैसे मोजले, तोच पुन्हा वाट्याला येतो.

मग कोणती नदी आणि कोणता महिना?

खात्रीचा महिना कोणताच नाही, शक्यता मात्र कमी-जास्त असतात. युरोपात वितळणारा बर्फ आणि पाऊस यांमुळे वसंतापासून जूनपर्यंत पाणी वाढण्याचा, तर ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात घटण्याचा धोका अधिक. मार्गानेही फरक पडतो. बव्हेरियात श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या सुमारे ७० किलोमीटरच्या पट्ट्यात डॅन्यूबवर लॉक नाहीत, त्यामुळे पाणी घटले की जहाजे तेथे खोळंबतात. ॲमस्टरडॅम ते बुडापेस्ट ही दोन आठवड्यांची सफर याच पट्ट्यातून जाते. पासाऊ-व्हिएन्ना-बुडापेस्ट ही आठवड्याची सफर त्याच्या खालच्या अंगाला सुरू होते. पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याने लांब सफरीच्या मोहात पडण्याऐवजी ही छोटी सफर घेणे शहाणपणाचे.

खर्च आवरायचा असेल तर नाइल नदीचा विचार करावा. लक्झर ते आस्वान हा प्रवास तीन-चार रात्रींचा असतो, वाटेत एडफू आणि कोम ओम्बोची मंदिरे लागतात. १९७० मध्ये पूर्ण झालेल्या आस्वानच्या मोठ्या धरणातून पाणी सोडले जात असल्याने पातळीत युरोपासारखे चढउतार होत नाहीत. अडचण उन्हाची आहे. मे महिन्याच्या सुट्टीत तेथे पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य.

देशातही पर्याय आहेत. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रूगडकडे निघालेल्या ‘गंगा विलास’ने ५१ दिवसांच्या सफरीमुळे लक्ष वेधले, पण जोडप्यांच्या कामाच्या त्याहून लहान सफरी आहेत. कोलकात्याहून हुगळीने वर जाताना चंदननगर, काल्ना, मायापूर आणि मुर्शिदाबाद लागतात. ब्रह्मपुत्रेवरच्या सफरी साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या काळात होतात आणि काझीरंगाची जोड मिळते. येथे ना व्हिसाची धावपळ, ना परकीय चलनाची. परदेशाच्या हौसेपोटी हा पर्याय न पाहताच बाजूला टाकला जातो, हे योग्य नाही.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी काय विचारावे?

पहिला प्रश्न, दिवसाउजेडी जहाज किती तास चालणार? युरोपात बराचसा प्रवास रात्री होतो. डॅन्यूबवरचे मेल्क ते क्रेम्स हे वाखाऊ खोरे आणि ऱ्हाइनवरचा किल्ल्यांचा ६५ किलोमीटरचा पट्टा जागतिक वारसा यादीत आहेत. ते झोपेत गेले तर नदीवर जाऊन मिळवले काय? डिसेंबरातल्या नाताळ बाजारांच्या सफरीत तर दुपारी चारच्या सुमारासच अंधार पडतो.

दुसरा प्रश्न व्हिसाचा. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरीला एकच शेंगेन व्हिसा चालतो. सफर पुढे बेलग्रेडला जात असेल तर सर्बिया शेंगेनबाहेर आहे. तेथून रोमानिया किंवा बल्गेरियात शिरणे म्हणजे शेंगेनमध्ये पुन्हा प्रवेश. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तेथे उपयोगी नाही.

तिसरा प्रश्न गुडघ्यांचा. खालच्या मजल्यापर्यंत लिफ्ट आहे का, दगडी रस्त्यांवर रोज किती चालायचे, दोघांपैकी एकाला थांबायचे असेल तर सोय काय? शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असल्यास तोंडी होकारावर न थांबता लेखी घ्यावे. टिप, विमान तिकीट, जेवणाव्यतिरिक्तची पेये हेही दरात धरले आहेत का, ते पाहावे. परदेशी सहलीवर कापला जाणारा टीसीएस विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण बुकिंगच्या वेळी ते पैसे हाताशी लागतात.

बाल्कनीसाठी जादा पैसे मोजावेत का?

बहुतेकांनी मोजू नयेत. ‘फ्रेंच बाल्कनी’ म्हणजे उघडणारे दार आणि पुढे कठडा. उभे राहायलाही जागा नसते. धक्क्यावर गर्दी असली की जहाजे एकमेकांना खेटून लावतात आणि बाल्कनीतून शेजारच्या जहाजाची खिडकी दिसते. काठ दोन्ही बाजूंना असतात आणि ते डेकवरूनच नीट दिसतात. मात्र सर्वांत मागची, इंजिनाजवळची खोली टाळावी.

सहल बसमध्येच गेली तर दाद कुठे मागायची?

पाणी घटणे हा कंपनीचा दोष नाही आणि करारात तसे कलम असतेच. पण ही शक्यता माहीत असूनही बारीक अक्षरांत दडवून सहल विकणे हा दोष नक्कीच आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी कंपनीच्या शहरात जावे लागत नाही. तक्रार टिकण्यासाठी कागद हवा. जहाज न चालल्यास प्रत्येक दिवसामागे किती परतावा, तारीख बदलता येईल का, हे ईमेलवर लिहून घ्यावे. जी कंपनी या प्रश्नांची लेखी उत्तरे देत नाही, तिच्याकडे वर्षानुवर्षांची बचत देऊ नये. मग खोलीचे छायाचित्र कितीही सुंदर असो.