चिलखत विकणारी कंपनी आणि छोट्या पेपरचा बातमीदार

८ डिसेंबर २००४. कुवेतच्या वाळवंटातला अमेरिकन लष्कराचा तळ. इराकमध्ये जायच्या तयारीतले दोन हजारांवर सैनिक जमलेत. समोर संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड. टेनेसी राज्यातल्या नॅशनल गार्डचा एक साधा सैनिक उभा राहतो आणि विचारतो, की आमच्या गाड्यांना चिलखत नाही, म्हणून आम्हाला भंगारातून गंजके पत्रे आणि तडकलेली बुलेटप्रूफ काच का वेचावी लागते?

टाळ्यांचा कडकडाट झाला.

हा प्रश्न जगभर गाजला. पण तो घडवायला कोणी मदत केली, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. चॅटानुगा नावाच्या मध्यम शहरातल्या स्थानिक पेपरचा एक बातमीदार त्या तुकडीबरोबर गेला होता. त्याला सांगण्यात आलं, पत्रकारांनी प्रश्न विचारायचे नाहीत, फक्त सैनिक विचारतील. मग त्याने सैनिकांबरोबर बसून प्रश्न तयार केला. पुढे हे बाहेर आल्यावर त्याच्यावर टीकाही झाली, की हा ठरवून केलेला प्रकार आहे. असेना का! गंजके पत्रे तर खरे होते ना?

रम्सफेल्ड यांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की हा पैशाचा प्रश्न नाही, चिलखती गाड्या तयार व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच; आणि हाताशी असेल त्या सैन्यानिशीच युद्धाला जावं लागतं. ऐकायला पटतं. पण लगेचच या गाड्यांना चिलखत चढवणाऱ्या कंपनीने पत्रकारांना सांगितलं, की आम्ही महिन्याला ४५० गाड्या करतोय, ५५० करू शकतो. लष्कराने सांगायचा अवकाश. त्यानंतर लष्कराने उत्पादन वाढवून घेतलं.

म्हणजे शंभर गाड्यांची क्षमता रिकामी होती आणि तिकडे पोरं भंगारात हात घालत होती.

ही कंपनी म्हणजे आर्मर होल्डिंग्ज. हिचा इतिहास वाचण्यासारखा आहे.

सुरुवात १९६९ ची. फ्लोरिडात अमेरिकन बॉडी आर्मर नावाने पोलिसांसाठी बुलेटप्रूफ जॅकेट शिवणारी छोटी कंपनी. नव्वदीच्या सुरुवातीला ती दिवाळखोरीत गेली. १९९६ मध्ये वॉरन कँडर्स या गुंतवणूकदाराने ती ताब्यात घेतली, नाव बदललं आणि एकामागून एक छोट्या कंपन्या विकत घ्यायचा सपाटा लावला.

त्यातली महत्त्वाची खरेदी ऑगस्ट २००१ ची. ओ'गारा-हेस अँड आयझेनहार्ट, मुक्काम सिनसिनाटीजवळ, ओहायो. या कारखान्याचं मूळ १८७६ पर्यंत जातं. तेव्हा तिथे घोडागाड्या आणि शववाहिका बनत. हो, प्रेतं नेणाऱ्या गाड्या! पुढे ते राष्ट्राध्यक्षांच्या गाड्या करू लागले. १९६३ मध्ये डॅलसला केनेडींची हत्या ज्या उघड्या लिंकन गाडीत झाली, ती याच लोकांनी तयार केली होती. तेव्हा तिला चिलखत नव्हतं. ते हत्येनंतर बसवलं. माणूस गेल्यावर चिलखत, ही रीत तेव्हापासूनची आहे बघा.

लष्कराची हमवी ही मुळात सामान ने-आण करायची हलकी गाडी. कित्येक गाड्यांना कापडी दारं. ती दुसऱ्या कारखान्यात बने आणि या कारखान्यात तिच्यावर पोलाद आणि जाड काच चढे. ही खरेदी झाली आणि महिन्याभरात ११ सप्टेंबर झालं. मग अफगाणिस्तान, मग इराक, मग रस्त्याकडेला पुरलेले बॉम्ब. कारखान्यातून असं पक्कं चिलखत चढवून देणारी ही एकच कंपनी. दिवाळखोरीतून उठलेल्या या कंपनीची वार्षिक विक्री दहा वर्षांत २ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. २००७ मध्ये ब्रिटनच्या बीएई सिस्टिम्सने ती सुमारे ४१० कोटी डॉलरला विकत घेतली.

या गाड्यांनी असंख्य जीव वाचवले, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. चिलखत विकणं हे पाप नाही. नफा कमावणं हेही पाप नाही. पण पुढचं ऐका.

त्याच काळात जॅकेटसाठी झायलॉन नावाचा जपानी धागा आला. हलका आणि मजबूत. पोलिसांना हलकं जॅकेट हवंच असतं, दिवसभर अंगावर वागवायचं असतं. पण उष्णता आणि दमटपणा लागला की हा धागा कमजोर होतो. २००३ मध्ये पेन्सिल्व्हेनियात एका पोलिसाचं झायलॉनचं जॅकेट गोळीने भेदलं. ते दुसऱ्या कंपनीचं होतं, पण धागा तोच. २००५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संस्थेने झायलॉनच्या जॅकेटांची मान्यता काढली. ऑक्टोबर २००८ मध्ये, झायलॉनची सदोष जॅकेटं विकल्याच्या आरोपावरून आर्मर होल्डिंग्जच्या जॅकेट विभागाने सरकारला ३ कोटी डॉलर देऊन समझोता केला. २०११ मध्ये आणखी एक प्रकरण मिटवलं. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेला जॅकेटं पुरवण्याचं कंत्राट मिळवण्यासाठी लाच दिल्याचं. त्याचे सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर.

शांतिसेनेच्या जॅकेटात लाच! काय बोलायचं?

मला या सगळ्यातून एकच गोष्ट दिसते. तांदूळ खराब असला तर पहिल्या घासाला कळतो. रस्ता खराब असला तर पहिल्या पावसात कळतो. जॅकेट खराब आहे हे फक्त गोळी लागल्यावर कळतं, आणि ज्याला कळतं तो तक्रार करायला उरेलच असं नाही. म्हणून या धंद्यात गिऱ्हाईकाच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी आधी विचारावं लागतं. तपासनीसाने, लेखापरीक्षकाने, न्यायालयाने. आणि हो, पत्रकाराने.

आता आपल्याकडे या.

अमेरिकेतल्या त्या समझोत्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत हेमंत करकरे गेले. त्यांच्या जॅकेटच्या दर्जावर प्रश्न उठले. शवविच्छेदनानुसार गोळ्या मानेजवळ आणि खांद्यात लागल्या होत्या, म्हणजे जॅकेटच्या आच्छादनाबाहेर, असं सांगितलं गेलं. असेलही तसं. पण खात्री करायला जॅकेट तर हवं? माहितीच्या अधिकारात विचारणा झाली तेव्हा कळलं की जॅकेटच गहाळ आहे. अमेरिकेत निदान झायलॉनचं जॅकेट प्रयोगशाळेत गेलं. आपल्याकडे पुरावाच हरवला.

गाड्यांचंही तसंच. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती पथकाचे १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेला. गाडी खासगी होती. सुरुंगाचा धक्का खालून येतो. म्हणून सुरुंगरोधक गाडीचा तळ नावेसारखा निमुळता करतात, धक्का दोन्ही बाजूंना फाकतो. खासगी गाडीच्या तळाला असतं काय? पत्रा.

हे लिहिलं की काही जण म्हणतील, सुरक्षेच्या गोष्टी उघड विचारायच्या नसतात, शत्रूला फायदा होतो. कुठल्या ठाण्यात किती जॅकेटं आहेत हे मी विचारतच नाही. मी एवढंच विचारतो, की जॅकेटं कधी घेतली, नमुना गोळी झाडून कधी तपासला, मुदत कधी संपते? साधारण पाच वर्षांची हमी असते. मुदत संपलेलं जॅकेट अंगावर असल्याने शत्रूचाच फायदा होतो.

मी एका पत्रकार परिषदेत असाच प्रश्न विचारला होता. साहेब हसले आणि म्हणाले, "तुम्ही स्थानिक प्रश्न विचारा ना." अहो साहेब, बंदोबस्ताला जाणारा पोरगा आमच्या गल्लीतलाच आहे. याहून स्थानिक प्रश्न कोणता?

चॅटानुगाच्या त्या बातमीदाराला प्रश्न विचारायची परवानगी नव्हती. तरी प्रश्न पोचला आणि महिन्याला शंभर गाड्या वाढल्या. तुमच्या घरात, नात्यात कुणी पोलीस किंवा जवान असेल तर आज एक करा. त्याला जॅकेटच्या आतल्या चिठ्ठीवरची तारीख बघायला सांगा. मला कळवू नका, इथे लिहू नका. मुदत गेलेली असेल तर त्याने वरिष्ठांना लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. बोललेलं हरवतं, जॅकेटही हरवतं. शिक्का मारलेला कागद आपल्या घरात राहतो.