तुळई आणि बीम

निवृत्त मास्तरांना जुने विद्यार्थी भेटले की शाळेपेक्षा कॉलेजच्याच गप्पा जास्त निघतात. नांदेडला १९८१ साली श्री गुरू गोबिंद सिंघजी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित कॉलेजंही सुरू झाली. तेव्हापासून आमच्या नांदेड-लातूरकडची मुलं घराजवळ राहून इंजिनिअर होऊ लागली.

त्यांच्या आठवणींत दोन प्रकारचे प्राध्यापक असतात. एक, पुस्तकातलं इंग्रजी फळ्यावर उतरवून देणारे. त्यांची नावंही कुणाला आठवत नाहीत. दुसरे, शंका मराठीत विचारली तरी न हसणारे.

याला कारण आहे. दहावीपर्यंत आमची मुलं त्वरण, संवेग, जडत्व शिकतात. अकरावीत त्याचंच अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया होतं. लातूर पॅटर्नमुळे उदाहरणं सोडवायचा भरपूर सराव होतो, गुणही मिळतात. पण शंका इंग्रजीत विचारायची सवय काही लागत नाही. मग पहिल्या वर्षी हुशार मुलगाही मागच्या बाकावर गप्प बसतो.

माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट. सरांनी बीमची व्याख्या बाजूला ठेवली आणि विचारलं, "माळवदाच्या घरात कोण कोण राहिलंय?" अर्ध्या वर्गाचे हात वर. मग म्हणाले, "वरच्या मातीच्या भाराने तुळई मधे वाकते. तिचं वरचं अंग दाबलं जातं, खालचं ताणलं जातं. काँक्रीट दाब सोसतं, पण ताणाला कच्चं. म्हणून दोन टोकांवर टेकलेल्या बीमला मुख्य सळई खाली." पुढे पुस्तकातलं इंग्रजी त्याला आपोआप कळलं.

२०२१ पासून मराठीतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी आहे. चांगलंच झालं. पण भाषांतरित पुस्तक वाचून दाखवणार असतील तर मुलांना फरक काय पडणार? संज्ञा आणि अहवाल खुशाल इंग्रजीत असू द्यावेत, नोकरीत ते लागतंच. समजावणं मात्र मराठीत व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न नुसत्या वर्गाचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगडी भिंती आणि मातीची जड माळवदं कोसळून हजारो माणसं गेली. भिंतींचे दगड मातीत रचलेले, आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. हे गवंड्याला आणि घरमालकाला त्यांच्या बोलीत पटवून देणं हेही इंजिनिअरचंच काम. जो स्वतः मराठीत समजून घ्यायला लाजला, तो ते कसं सांगणार?

म्हणून प्राध्यापक मंडळींना एवढीच विनंती. पहिल्याच तासाला वर्गात उघडपणे सांगा, "शंका मराठीत विचारा." त्याला ना खर्च लागतो, ना कुणाची परवानगी.