वेल्डिंग कच्चं होतं म्हणे!

जनरेटरच्या खोलीत शिरल्याबरोबर मालक पहिलं वाक्य काय बोलणार हे मला आता पाठ झालंय. "वेल्डरनं माती खाल्ली, साहेब." टर्बोच्या फ्लँजजवळ पाइपाला तडा गेलेला असतो, त्यातून काजळीची काळी रेघ उमटलेली असते आणि निकाल आधीच लागलेला असतो. आरोपी एकच. ज्याच्या हातात शेवटी वेल्डिंगचा रॉड होता तो.

मला या वाक्याचा फार राग येतो. कारण एकदा ते मी स्वतःच बोललोय, आणि ज्याच्याबद्दल बोललो त्याची काहीएक चूक नव्हती.

२००८ सालची गोष्ट. भारनियमनाचे दिवस. तासगावकडच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला डिझेल जनरेटर बसवायचा होता. धुराच्या पाइपाचं ड्रॉइंग माझं. टर्बोतून निघायचं, एक बेंड घ्यायचा, दोन मीटर आडवं जायचं आणि भिंतीतून बाहेर. भिंतीत पाइप सिमेंटनं पक्का केला होता. दिसायला एकदम सुबक काम! वेल्डिंग मिरजेच्या एका जुन्या मिस्त्रींचं.

तीन आठवड्यांत फ्लँजजवळ तडा. मिस्त्री आले, ग्राइंडरनं घासून पुन्हा वेल्ड मारून गेले. महिन्याभरात पुन्हा तडा. मग मी हुशारी केली. फ्लँजभोवती चार जाड पट्ट्यांचे आधार मारून घेतले. तर तडा गेला बरोबर पट्टी संपते तिथं. मग आणखी हुशारी. साधं लोखंड नको, स्टेनलेस ३०४ घालू! खर्च वाढला, आणि तो पाइप पंधरा दिवसांत गेला.

मालकांनी मिस्त्रींचे पैसे अडवले. मी मध्ये पडायला हवं होतं. पडलो नाही. उलट "वेल्डिंगच कच्चं असणार" असं म्हणून मोकळा झालो. मिस्त्री भांडले नाहीत. सामान आवरताना एवढंच म्हणाले, "साहेब, टाका उसवलेला नाही. कापड फाटलंय."

ते गेल्यावर मी पहिल्यांदा तो तडा नीट पाहिला. खरंच, वेल्ड जसंच्या तसं शाबूत होतं. तडा होता त्याच्या कडेला, पाइपाच्या पत्र्यात. मग फ्लँजचे बोल्ट सोडले. शेवटचा बोल्ट निघताच पाइप टण्णकन बोटभर बाजूला उडाला. म्हणजे इंजिन सुरू व्हायच्या आधीपासूनच पाइपात ताण भरलेला होता. बोल्ट आवळून जबरदस्तीनं ओढून बसवला होता ना आम्ही!

बाकीचा हिशेब कागदावर पाच मिनिटांत झाला. तो पाच मिनिटांचा हिशेब मी ड्रॉइंग काढतानाच करायला हवा होता. भरल्या लोडवर टर्बोनंतरचा धूर साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसचा असतो. दोन मीटर लोखंडी पाइप ४०० अंशांनी तापला की तो जवळजवळ १० मिलिमीटर लांब होतो. एका टोकाला टर्बो, दुसऱ्या टोकाला सिमेंट. त्यानं वाढायचं कुठं?

तुम्ही म्हणाल, १० मिलिमीटर म्हणजे काय मोठं! ज्यांनी गावात बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना पाहिलीय, त्यांना विचारा. लोहार धाव तापवून लाल करतो, ती थोडीशीच मोठी होते, चाकावर चढते. वरून पाणी ओतलं की आवळताना चाकाचे सांधे करकरतात. एवढ्याशा आकुंचनात जे बळ असतं तेच बळ प्रसरणातही असतं. जनरेटर रोज चार वेळा चालू-बंद झाला तर चार वेळा ते बळ त्याच एका जागेवर येतं. वायर मागंपुढं वाकवून तोडतो, तसाच प्रकार. त्यात इंजिन रबराच्या माउंटिंगवर थरथरणार आणि भिंत जागची हलणार नाही.

आता माझी हुशारी तपासा. पट्ट्या मारल्या म्हणजे फ्लँजची जागा ताठ झाली आणि वाकायचं सगळं काम पट्टीच्या टोकाशी सरकलं. आणि ३०४ स्टेनलेस? ते तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दीडपट वाढतं आणि उष्णता त्याच्यातून तिपटीनं कमी वाहते. म्हणजे ताण आणखी वाढवून ठेवला. सतत तापणाऱ्या जागी स्टेनलेस वापरायचंच तर टायटॅनियम असलेलं ३२१ बरं. पण वाढायला जागाच नसेल तर तेही काय करणार?

शेवटी उपाय निघाला तो साधाच. टर्बोला एक छोटा, हलका तुकडा आणि लगेच त्याला लवचिक बेलोज. बेलोजच्या पुढं पाइप एका ठिकाणी पक्का धरला, बाकी वजन छताच्या कैचीला टांगलं. भिंतीत पाइपापेक्षा मोठा स्लीव्ह बसवला, म्हणजे पाइप खुशाल बाहेरच्या बाजूला वाढू दे. टर्बो ही खुंटी नाही, तिच्यावर पाइप टांगायचा नसतो. इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये टर्बोवर किती भार चालेल ते लिहिलेलं असतं, ते आम्ही वाचतच नाही. बेलोजबद्दलही एक सांगतो. लांबी आणि थोडं आडवं हलणं तो सोसतो, पीळ सोसत नाही. फ्लँजची भोकं जुळत नाहीत म्हणून तो पिळून बसवला की तोच आधी फाटतो. बोल्ट हातानं सहज शिरले पाहिजेत, ही साधी कसोटी.

याचा अर्थ वेल्डरची चूक कधीच नसते असं नाही. जोडात फट ठेवून ती नुसत्या रॉडनं भरली, मुळापर्यंत वेल्ड उतरलंच नाही, कडेला खाच पडली, स्टेनलेसला आतून आर्गॉन सोडला नाही, स्टेनलेस पाइप लोखंडी फ्लँजला जोडताना ३०९ एल ऐवजी हाताला आला तो रॉड वापरला, तर तडा जाणारच. पण हे तडा पाहिल्यावर कळतं. वेल्डच्या मधोमध गेलाय का कडेला, एवढं तरी बघा! न बघता पुन्हा वेल्ड मारणं म्हणजे ताप का आला ते न विचारता गोळी देणं. आणि हे नुसतं पैशाचं काम नाही. तडा टर्बोच्या आधी असेल तर बूस्ट पडतो, इंजिन काळा धूर ओकतं. कुठंही असला तरी बंद खोलीत विषारी धूर भरतो, आणि शेजारी डिझेलची नळी असली तर आगीचीही भीती.

माझं मत विचाराल तर तडा हा बहुतेक वेळा ड्रॉइंगवरच पडलेला असतो. पाइपावर तो नंतर दिसतो. पण ड्रॉइंग काढणारा खुर्चीवर असतो आणि वेल्डर समोर उभा असतो, म्हणून सापडतो तो.

मालकांना मी खरं काय ते सांगितलं. कुरकुरत का होईना, त्यांनी पैसे दिले. ते घेऊन मी स्वतः मिरजेला गेलो. चुकलो म्हणालो. मिस्त्रींनी नोटा न मोजता खिशात घातल्या आणि विचारलं, "आता पाइपाला हलायला जागा ठेवलीय ना?"

ठेवलीय म्हटलं.