भंगारात काढण्याआधी

मैत्रिणींनो, घरातली वस्तू जुनी कधी होते? ती मोडली की, की तिला जोडायची पिन बाजारातून गेली की? स्वयंपाकघरात याचं उत्तर आपण रोज देतो. कुकरची रिंग सैल झाली म्हणून कुणी कुकर टाकत नाही, रिंग बदलते. मिक्सरचं भांडं गळायला लागलं तर आपण ते दुरुस्त करून आणतो. पण तोच प्रश्न कॉम्प्युटरचा असला की आपण गप्प बसतो आणि दुकानदार सांगेल ते ऐकतो. ‘हे आता चालत नाही, नवीन घ्या’ हे वाक्य इतकं कानावर पडतं की ‘का चालत नाही?’ असं विचारायचंही आपल्याला सुचत नाही.

हे आज लिहायला एक निमित्त झालं. आमच्या बचत गटातली एक मैत्रीण घरी डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मंडळांचे अहवाल. सगळं काम चौदा इंची लॅपटॉपवर. कुठे अनुस्वार राहिलाय, कुठे वेलांटी चुकलीय, हे शोधता शोधता मान अवघडते आणि संध्याकाळी डोळे चुरचुरतात. पण काम सोडून चालणार नाही, मुलीच्या कॉलेजची फी त्यातूनच जाते. अशात ओळखीच्या एका कार्यालयाने जुनं सामान काढलं आणि तिला तीस इंची मॉनिटर चक्क फुकट मिळाला. आनंदाने रिक्षात घालून घरी आणला, पण लॅपटॉपला जोडायचा कसा? मॉनिटरच्या मागे पांढरी, लांबट, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली जागा, आणि लॅपटॉपला तसलं काहीच नाही. एका दुकानात तिला स्वस्तातला कनेक्टर मिळाला. चित्र आलं, पण अक्षरं बोराएवढी आणि कडा फुटलेल्या. दुकानदार म्हणाला, ‘‘वहिनी, मॉनिटर गेलाय, भंगारात द्या. नाहीतर साहेबांना घेऊन या, त्यांना समजावतो.’’

मॉनिटर गेला नव्हता. कनेक्टर चुकीचा होता. आणि हे समजायला ‘साहेब’ असण्याची काही गरज नव्हती. मी स्वतः मराठी घेऊन बी.ए. झालेली. मला समजलं, तर कुणालाही समजेल.

आधी या मॉनिटरबद्दल. अ‍ॅपल कंपनीने २००४ मध्ये तीस इंची पडदा बाजारात आणला, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ३,२९९ डॉलर होती. पाठोपाठ डेल, एचपी यांचेही आले. या पडद्यावर आडवे २५६० आणि उभे १६०० ठिपके, म्हणजे एकूण जवळजवळ ४१ लाख. आजच्या अनेक साध्या लॅपटॉपच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २१ लाखांच्या आत ठिपके असतात. वीस वर्षांपूर्वीचा पडदा आजच्या साध्या पडद्याच्या जवळपास दुप्पट बारकावा दाखवतो. याला जुनं म्हणा, निकामी कसं म्हणणार?

आता त्या पांढऱ्या जागेबद्दल. तिला डीव्हीआय म्हणतात. ही पद्धत १९९९ साली आली. तिच्यात दोन प्रकार आहेत, सिंगल लिंक आणि ड्युअल लिंक. आपल्या भाषेत एकपदरी आणि दुपदरी म्हणूया. एकपदरीतून नेहमीच्या वेगाने १९२० गुणिले १२०० ठिपक्यांपर्यंतचं चित्र जातं. त्याहून मोठं चित्र पाठवायचं तर दुपदरीच लागते. ओळखायची खूण सोपी आहे. केबलच्या तोंडात बारीक पिना मोजा. आठ-आठच्या तीन पूर्ण ओळी, म्हणजे चोवीस पिना असल्या तर दुपदरी. मधल्या सहा पिना नसल्या तर एकपदरी.

पण खरी गोम कनेक्टरमध्ये आहे. स्वस्तातल्या एचडीएमआय-डीव्हीआय कनेक्टरला पुष्कळदा चोवीसच्या चोवीस भोकं असतात, जोडणी मात्र आत एकपदरीच असते. बाहेरून बघून कळत नाही. त्यात त्या पहिल्या पिढीतल्या तीस इंची मॉनिटरपैकी बऱ्याच मॉडेलमध्ये येणारं चित्र लहान-मोठं करून बसवणारा भागच नसतो. ते दोनच आकार ओळखतात, पूर्ण २५६० गुणिले १६००, नाहीतर निम्मे १२८० गुणिले ८००. एकपदरी कनेक्टर लावला की पूर्ण चित्र पोचत नाही, मग तो निम्म्या आकारावर येतो. एकूण ठिपके नेमके एक चतुर्थांश! मैत्रिणीची अक्षरं बोराएवढी का दिसत होती, ते कळलं ना?

मग उपाय काय? पहिली गोष्ट, मॉनिटरची पाठ नीट बघा. थोड्या नंतरच्या काही मॉडेलना डीव्हीआयच्या शेजारी डिस्प्लेपोर्टही असतो. तो असेल तर निम्मं काम झालंच. लॅपटॉपच्या टाइप-सीमधून डिस्प्लेपोर्टला जाणारी सरळ केबल मिळते. नसेल, तर दुकानात नेमके हे शब्द सांगा : ‘‘डिस्प्लेपोर्ट टू ड्युअल लिंक डीव्हीआय, अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर.’’ ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक भाग असलेला. तो नुसता तारा जुळवत नाही, चित्राचा संकेतच बदलून देतो. त्याला वीज लागते, म्हणून बहुतेकांना यूएसबीची एक जादा वायर असते. लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल, तर त्यातून डिस्प्लेपोर्ट काढणारा छोटा जोडही लागतो.

तीन गोष्टींची खात्री मात्र करून घ्या. एक, लॅपटॉपच्या प्रत्येक टाइप-सीमधून चित्र बाहेर पडत नाही, काही नुसते चार्जिंग आणि फायलींसाठी असतात. शेजारी डी-पी अक्षरांचं चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज काढलेली असेल तर चित्र मिळतं. खूण नसेल तर मॉडेल नंबरवरून माहितीपत्रक बघा. दोन, हे कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतात. लॅपटॉपची बाजू कोणती, मॉनिटरची कोणती, हे पाकिटावर वाचा. तीन, शक्य असेल तर लॅपटॉप आणि मॉनिटर दुकानात नेऊन, चालवून बघूनच पैसे द्या. साडी उजेडात नेऊन बघतो, मग इथेच कसला संकोच? जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये २५६० गुणिले १६०० निवडायचं आणि दोन्ही पडद्यांवर तेच चित्र न ठेवता ‘एक्स्टेंड’ करायचं, नाहीतर दोन्हीकडे एकच चित्र बसवण्यासाठी मोठ्या पडद्याचा बारकावा पुन्हा जातो.

मैत्रिणीने गटातून छोटं कर्ज घेतलं, दुसऱ्या दुकानात हेच शब्द सांगितले, लॅपटॉपवर चालवून बघितलं आणि कन्व्हर्टर घेतला. आता प्रश्नपत्रिकेची दोन पानं शेजारी शेजारी, पूर्ण आकारात दिसतात.

‘ताई, एवढ्या खटाटोपापेक्षा नवाच घेतलेला काय वाईट?’ असं कुणी विचारेल. रास्त आहे. असा कन्व्हर्टर साध्या कनेक्टरच्या कितीतरी पट महाग असतो. किंमत नव्या लहान मॉनिटरच्या जवळ जायला लागली, तर आपल्याला मोठा पडदा खरंच हवाय का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. विजेचंही बघावं. हे जुने पडदे दीडशे वॅटपर्यंत वीज खातात, म्हणजे सहा-सात तासांत एक युनिट. आणि ज्याचा उजेडच मंदावलाय, ज्यातून करपल्याचा वास येतो, तो माळ्यावर साठवून ठेवण्यातही शहाणपण नाही. माझं म्हणणं एवढंच की निर्णय माहितीवर व्हावा, कुणाच्या ‘साहेबांना आणा’वर नव्हे.

कारण चालता मॉनिटर भंगारात जातो तेव्हा फक्त आपले पैसे जात नाहीत. त्या काळातल्या एलसीडी पडद्यांच्या मागे बारीक नळ्यांचे दिवे असतात आणि त्यांत पारा असतो. हातगाडीवर गेलेला पडदा कुठेतरी हातोडीने फुटतो, आणि तो फोडणारे हात पुष्कळदा आपल्यासारख्याच एखाद्या बाईचे असतात. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे १ मे २०१२ पासून लागू झाले. आता १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नवे नियम आहेत. जुन्या उपकरणांच्या शास्त्रशुद्ध पुनर्वापराची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून टाकायचाच असेल, तर नोंदणीकृत संकलन केंद्रात द्या. पण त्याआधी तो खरंच गेलाय का, हे तपासा.

मला यात तीन मागण्या कराव्याशा वाटतात. कनेक्टर विकणाऱ्यांनी पाकिटावर तो किती ठिपक्यांपर्यंत चित्र नेतो, हे मोठ्या अक्षरांत छापावं. मोठ्या कार्यालयांनी सामान काढताना त्याच्या केबलही सोबत द्याव्यात. केबलविना पडदा म्हणजे झाकणाविना कुकर. आणि आपल्या महिला मंडळांनी रांगोळी-मेंदीच्या जोडीला वर्षातून एक दुपार या पिनांसाठी ठेवावी. घरात पडलेल्या सगळ्या वायरी आणायच्या, चटईवर पसरायच्या आणि कोणती कशाची, हे एकमेकींना सांगायचं.

एकदा नाव कळलं की भीती जाते. गॅसच्या रेग्युलेटरला आपल्या आजी-आई आधी घाबरतच होत्या, पुढे सिलिंडर त्याच बदलू लागल्या. डीव्हीआय आणि डिस्प्लेपोर्ट त्याहून अवघड नाही, बरं का! दुकानात जाल तेव्हा शब्द तयार ठेवा, आणि ‘साहेबांना घेऊन या’ म्हणणाऱ्याला शांतपणे सांगा, काय हवंय ते मला माहीत आहे, तुमच्याकडे आहे का तेवढं सांगा.