अलार्म आपला, मग कोड कुणाचा?

मैत्रिणींनो, दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुटीत घर बंद करून गावाला जायचं म्हटलं की आपला अर्धा जीव कुलपात अडकलेला असतो. पूर्वी शेजारच्या काकूंना "जरा लक्ष ठेवा हं" म्हटलं की भागत असे. आता काकूही सुटीला मुलाकडे जातात. त्यामुळे आपल्यासारख्या मध्यम गावांतूनही चोर शिरताच ठणाणा करणारे अलार्म घराघरांत बसू लागले आहेत. ते बसवताना एक प्रश्न हमखास निघतो आणि चहाच्या कपाबरोबर घाईघाईने मिटवलाही जातो. इंजिनिअरचा म्हणून जो वेगळा कोड असतो, तो घरच्या माणसांकडे असावा की नसावा?

आधी हा कोड म्हणजे काय ते नीट समजून घेऊ या. अलार्मचा मुख्य डबा असतो, त्याला पॅनेल म्हणतात. दाराखिडक्यांना चुंबकाचे छोटे तुकडे, खोलीच्या कोपऱ्यात माणसाची हालचाल टिपणारे सेन्सर, बाहेर सायरन आणि दाराजवळ आकड्यांची बटणं, म्हणजे कीपॅड, असा सगळा संसार. आपण रोज जो कोड दाबतो, त्याने अलार्म लागतो आणि बंद होतो. घरचा एक मुख्य कोड असतो. त्याने मुलांना किंवा कामवाल्या मावशींना वेगळे कोड देता येतात आणि पुढे ते काढूनही टाकता येतात.

इंजिनिअरच्या कोडचं काम याहून निराळं. तो दाबला की यंत्राच्या पोटातल्या सगळ्या गोष्टी आपल्यापुढे येतात. दार उघडल्यावर किती सेकंदांत कोड दाबायचा, सायरन किती मिनिटं वाजू द्यायचा, कोणता सेन्सर जागा ठेवायचा नि कोणता झोपवायचा, पॅनेलमध्ये सिमकार्ड असलं तर रात्री-अपरात्री फोन कुणाच्या नंबरवर जायचा, हे सारं तिथे ठरतं. रोजचा कोड ही आपली दाराची किल्ली मानली, तर इंजिनिअरचा कोड म्हणजे कुलूपच बदलण्याचा अधिकार.

बसवणारा म्हणतो, "वहिनी, तो कोड आमच्याकडेच राहू द्या. तुम्ही चुकून काहीतरी दाबाल आणि मग आम्हालाच बोल लावाल." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला, तर मागच्या दाराचा सेन्सर मुकाट बसेल आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही. देखभालीचा वार्षिक करार केलेला असला, तर "मध्येच कुणी हात लावला, आता आमची जबाबदारी नाही" असंही ऐकून घ्यावं लागेल.

पण म्हणून कोड घरात असूच नये, हे काही पटत नाही. घरातल्या विजेच्या बोर्डाला आपण उठसूट हात लावत नाही. तरी मेन स्विच कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असायलाच हवं ना? वायरमनने बोर्डाला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली, तर आपण ते चालवून घेऊ का?

खरी अडचण पुढे येते. अलार्म बसवून देणारे पुष्कळदा लहान धंदेवाले असतात. चार वर्षांनी तो माणूस गाव सोडतो, धंदा बदलतो, त्याचा फोन लागेनासा होतो. इकडे पॅनेलमधली बॅटरी तीन ते पाच वर्षांत थकलेली असते, अलार्म उगाचच वाजू लागतो, किंवा फोनचा नंबर बदलायचा असतो. दुसरा इंजिनिअर येतो आणि विचारतो, "कोड काय आहे?" काही पॅनेल ठराविक रीतीने मूळ पदावर आणता येतात. पण काहींमध्ये बसवणारा असा बंदोबस्त करून ठेवू शकतो, की त्याच्या कोडशिवाय ते कुणालाच उघडत नाहीत. मग चांगलं चालतं पॅनेल उतरवून नवं घ्यायचं. पैसे आपले, यंत्र आपलं आणि मुखत्यारी मात्र दुसऱ्याची!

दुसरी गोष्ट याहून काळजीची. कारखान्यातून पॅनेल येतं तेव्हा त्यात एक ठरीव इंजिनिअर कोड घातलेला असतो आणि तो त्याच्या माहितीपुस्तिकेत छापलेलाही असतो. तो बदललाच नाही, तर ती पुस्तिका वाचणाऱ्या कुणालाही तो माहीत. काही जण कोड बदलतात, पण सगळ्या गिऱ्हाइकांच्या घरी एकच ठेवतात, लक्षात ठेवायला सोपा म्हणून. मग त्यांच्याकडचा एखादा पोऱ्या काम सोडून गेला, की गावातल्या कितीतरी घरांचा कोड त्याच्या डोक्यात बसून बाहेर पडला म्हणायचं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, ते याहून वेगळं काय?

युरोपात घरफोडीच्या अलार्मसाठी ईएन ५०१३१ नावाचं मानक आहे. त्यात यंत्रापर्यंत पोचण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली कुणाचीही, दुसरी घर वापरणाऱ्याची, तिसरी इंजिनिअरची आणि चौथी यंत्र बनवणाऱ्या कारखान्याची. त्यातली मेख अशी, की दुसऱ्या पायरीवरच्या माणसाने, म्हणजे घरच्याने, परवानगी दिल्याखेरीज इंजिनिअरला तिसऱ्या पायरीवर चढता येऊ नये. कोड इंजिनिअरच्या हाती असला तरी उंबरठ्यावरचा होकार घरच्यांचा. हे तत्त्व आपल्याकडेही पाळायला काय हरकत आहे?

एक अपवाद सांगून ठेवते. पॅनेल भाड्याचं असेल, किंवा एखादी कंपनी चोवीस तास आपल्या अलार्मवर नजर ठेवत असेल, तर कोड तिने स्वतःकडे ठेवणं समजण्यासारखं आहे. मात्र करार संपल्यावर भाड्याचं पॅनेल ती काढून नेणार की नाही, आणि पॅनेल आपलं असेल तर कोड आपल्या हाती देणार की नाही, हे करारात आधीच लिहून घ्यावं.

तर आता करायचं काय? अलार्म बसवतील त्या दिवशी शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एवढं करा.

१. मुख्य कोड, इंजिनिअर कोड आणि माहितीपुस्तिका, तिन्ही मागून घ्या.

२. कारखान्याचा कोड समोर उभं राहून बदलून घ्या. नवे आकडे स्वतः दाबा. जन्मसाल, लग्नाची तारीख, १२३४ असलं काही नको.

३. कोणता सेन्सर कुठल्या खोलीचा, किती सेकंदांची सवलत, फोन कुणाला जातो, हे वहीच्या एका पानावर त्याच्याकडून लिहून घ्या.

४. ते पान आणि कोड लिफाफ्यात घालून, चिकटवून, वर तारीख टाकून दागिन्यांच्या लॉकरमध्ये ठेवा. कीपॅडच्या झाकणात चिठ्ठी नको, मोबाइलमध्ये फोटोही नको.

५. दुरुस्तीला माणूस आला की कोड आपण दाबून द्या आणि तो गेल्यावर बदला. नव्या कोडाचा नवा लिफाफा.

६. महिन्यातून एकदा शेजाऱ्यांना सांगून अलार्म वाजवून पाहा. सिमकार्डाचं रिचार्ज संपलेलं नाही ना, तेही बघा. याला इंजिनिअरचा कोड लागत नाही.

आणि लिफाफा उघडायचा तो अडल्यावेळीच. आत काय आहे बघू म्हणून बटणं दाबत बसायचं नाही, हे पथ्य आपल्यालाही आहेच.

शेवटी आपल्या बायकांच्या दृष्टीने एक मुद्दा. पुष्कळ घरांत ही सगळी माहिती "ह्यांना" सांगितली जाते आणि आपल्या वाट्याला फक्त चार आकडे येतात. हे फिरतीवर, मुलं झोपलेली, रात्री दोनला सायरन सुरू झाला, की जिन्यात धावायचं कुणी? घरात जिचा दिवस जातो, तिला घराच्या राखणदाराची नाडी माहीत हवी. म्हणून त्या दिवशी चहा करायला दुसऱ्या कुणाला सांगा आणि तुम्ही पॅनेलपाशी उभ्या राहा. समजेल का, ही शंका मनात आणू नका. कुकरची शिट्टी आणि दुधाचा हिशेब एका वेळी सांभाळणाऱ्या बाईला हे अवघड नाही.